एक दाता कमी

कल्याणहून निघालेला एक लोहमार्ग आणि एक रस्ता शहाडला एकमेकांना ओलांडतात. लोहमार्ग पुढे टिटवाळा, आसनगाव, कसारा करीत थळ घाट चढतो आणि इगतपुरीला पोचतो. रस्ता मुरबाडकडे वळतो आणि माळशेज घाट चढून अहिल्यानगरच्या दिशेने जातो. हा आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१. पूर्वी याचा क्रमांक २२२ होता. दोन्ही वाटांपुढचा प्रश्न एकच आहे : कोकणपट्टीतून सह्याद्रीच्या माथ्यावर जायचे कसे? सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल जवळच्याच नाणेघाटातून जुन्नरला जात असे, पण तो बैलांच्या पाठीवरून. त्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी वाटेवर चाकाचा उपयोग नव्हता. चाकाने घाट चढायचा तर नुसते चाक पुरत नाही. चाक फिरवणारा जोर आणि चाकाचा वेग यांची सांगड घालावी लागते.

या सांगडीचे सर्वांत साधे उदाहरण मोटारसायकलीच्या साखळीत दिसते. पक्का रस्ता आणि रानवाट अशा दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या मोटारसायकलींना ‘डुअल-स्पोर्ट’ म्हणतात. त्या वापरणारी मंडळी एक बदल हमखास करून घेतात. इंजिनाकडचे लहान दातेरी चाक, म्हणजे पुढचे स्प्रॉकेट, काढून एक दाता कमी असलेले बसवतात. किंवा मागच्या चाकाचे स्प्रॉकेट दोन-तीन दाते जास्त असलेले घेतात. त्यामुळे गाडी चढावर चांगली ओढते, हे खरे आहे. ‘गाडीची पॉवर वाढते’ असेही सांगितले जाते. ते मात्र खरे नाही. या दोन वाक्यांतला फरक समजायला माणसाला बराच काळ लागला आणि त्याचा इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे.

चाकाची उंची आणि पायाची लांबी

सायकलीला साखळी येण्यापूर्वी पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठे करणे, एवढाच उपाय होता. म्हणून १८७० च्या दशकातल्या सायकलींचे पुढचे चाक दीड मीटर व्यासापर्यंत वाढले. त्याहून मोठे करता येईना, कारण स्वाराचा पाय पेडलपर्यंत पोचायला हवा! शिवाय एवढ्या उंचीवरून तोंडावर पडण्याचा धोका होताच. वाफेच्या रेल्वे इंजिनांचीही हीच स्थिती होती. दट्ट्याचा दांडा थेट चाकाला जोडलेला असल्याने जलद गाड्यांच्या इंजिनांना मोठी चाके आणि मालगाड्यांच्या इंजिनांना लहान चाके द्यावी लागत.

साखळीने ही अडचण सोडवली. साखळीने गती वाहून नेण्याची कल्पना जुनीच आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधल्या सू सुंग याच्या घड्याळ-मनोऱ्यात अशी साखळी होती, आणि लिओनार्दो द विंचीच्या वह्यांतही तिची चित्रे सापडतात. अडचण होती ती टिकाऊपणाची. १८८० मध्ये मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी बुश आणि रोलर असलेल्या साखळीचे पेटंट घेतले. तिच्यात कडीची पिन पातळ पट्ट्यांच्या काठावर न घासता एका नळीत, म्हणजे बुशमध्ये फिरते. त्यामुळे भार मोठ्या पृष्ठभागावर वाटला जातो आणि झीज कमी होते. आजच्या मोटारसायकलीची साखळी मुळात तीच आहे. तिची मापेसुद्धा अजून इंचांत आहेत. सायकलीच्या साखळीत दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, तर मोटारसायकलीच्या ‘५२०’ क्रमांकाच्या साखळीत ते पाच-अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर असते.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारख्या उंचीची होती आणि पेडलकडून मागच्या चाकाकडे साखळी गेली होती. पेडलजवळच्या चाकाला जास्त दाते आणि मागे कमी दाते ठेवले की लहान चाकही मोठ्या चाकासारखे पळते. वेग पायाच्या लांबीच्या जाचातून सुटला. तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाच्या इतिहासातले हे पहिले पान या साखळीच्या सायकलीने लिहिले, असे म्हणायला हरकत नाही.

डोंगराने घेतलेली परीक्षा

इंजिन आले तेव्हा हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वुल्फम्युलर यांनी १८९४ मध्ये मोटारसायकली संख्येने बनवून विकायला सुरुवात केली. त्यांच्या गाडीत दट्ट्याचे दांडे रेल्वे इंजिनाप्रमाणे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. गिअर नाही, क्लच नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ही रचना मानवत नाही. वाफेचे इंजिन स्थिर असतानाही पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलच्या इंजिनाचे फेरे फार कमी झाले की ते बंदच पडते. चढावर वेग उतरला की फेरे उतरत, आणि फेरे उतरले की जोरही जाई.

नंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत चामड्याचा पट्टा आला. सपाट रस्त्यावर तो बरा चाले, पण पावसात भिजला की घसरे. त्या गाड्यांना पेडलही असत आणि चढावर स्वाराने इंजिनाला पायांची मदत करणे गृहीत धरलेले असे. आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ मध्ये टुरिस्ट ट्रॉफी शर्यत सुरू झाली तेव्हा पेडल चालत होते. पुढच्याच वर्षी त्यांवर बंदी आली. १९११ मध्ये आयोजकांनी शर्यत मुद्दाम डोंगरी मार्गावर नेली. एक फेरी सुमारे ६० किलोमीटरची आणि वाटेत स्नेफेल डोंगराचा चढ. गिअर बदलता येणाऱ्या गाड्या बनवायला कारखानदारांना भाग पाडावे, हा त्यामागचा हेतू होता. त्या वर्षी मुख्य शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकेच्या ‘इंडियन’ मोटारसायकलींनी पटकावले. त्या गाड्यांना दोन गतींचा गिअरबॉक्स होता आणि सगळी गती साखळीने जात होती. पट्टा त्यानंतर लगेच हरला, असे मात्र नाही. पट्ट्याच्या पुलीचा व्यास चालताचालता बदलणारी ब्रिटिश ‘रज मल्टी’ १९१४ ची शर्यत जिंकली. आजच्या गिअरलेस स्कूटरमध्ये तीच कल्पना नव्या रूपात वावरते आहे.

सायकलींच्या जगात मात्र उलटा प्रकार झाला. फ्रान्सची प्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’ शर्यत १९१० मध्ये पिरेनीज आणि १९११ मध्ये आल्प्सच्या खिंडींतून जाऊ लागली. पण तिचे संचालक आंरी देग्रांज यांना गिअर बदलण्याची सोय पसंत नव्हती. अशी सोय पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठी आहे, असे मत त्यांनी १९०२ मध्येच मांडले होते. मग स्पर्धक काय करीत? मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या दात्यांची स्प्रॉकेटे लावीत. खिंडीच्या पायथ्याशी उतरायचे, चाक सोडवायचे, उलटे फिरवून बसवायचे आणि जास्त दात्यांच्या बाजूने चढायचे. माथ्यावर पुन्हा तोच खटाटोप. साखळी एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला त्या शर्यतीत परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. आजचा मोटारसायकलस्वार घाटात जाण्याआधी स्प्रॉकेट बदलतो, तेव्हा तो याच जुन्या स्पर्धकांचे काम करीत असतो. फरक इतकाच की त्याच्याजवळ गिअरबॉक्सही असतो. स्प्रॉकेट बदलल्याने गिअरबॉक्समधले सगळे गिअर एकदम आणि एकाच प्रमाणात बदलतात.

आपल्याकडे घरोघरी जी स्कूटर होती तिला ही सोयच नव्हती. आकुर्डीच्या बजाज चेतकचे इंजिन मागच्या चाकालगत बसवलेले असे आणि गती दातेरी चाकांनी थेट चाकाकडे जाई. राजदूत, येझदी, बुलेट यांना मात्र साखळी होती. रानवाटेसाठी मुद्दाम बनवलेल्या गाड्यांत १९६८ ची यामाहा डीटी-१ महत्त्वाची मानली जाते. भारतीय कंपन्यांकडून अशा गाड्या बऱ्याच उशिरा आल्या : २०११ मध्ये हीरो इम्पल्स, २०१६ मध्ये रॉयल एनफील्ड हिमालयन, २०१९ मध्ये हीरो एक्सपल्स २००. अशी गाडी दोन मालकांची चाकरी करते. महामार्गावर तिला वेग हवा आणि दगडगोट्यांच्या चढावर संथ पण दमदार ओढ हवी. कारखान्याने बसवलेली स्प्रॉकेटे ही या दोन मागण्यांतली तडजोड असते. ती तडजोड आपल्या बाजूला थोडी सरकवून घेणे म्हणजेच स्प्रॉकेट बदलणे.

निसर्गाला फसवता येते काय?

१६०० च्या सुमारास गॅलिलिओने यांत्रिकीवर एक छोटे टिपण लिहिले. ते बराच काळ हस्तलिखितात फिरले आणि १६३४ मध्ये मेर्सेन यांनी ते फ्रेंचमध्ये छापले. त्याच्या आरंभीच तो यंत्रे बनवणाऱ्यांचा एक भ्रम दूर करतो. तरफ, कप्पी, स्क्रू यांच्या साहाय्याने थोड्या बलाने मोठे ओझे उचलता येते, म्हणून निसर्गाला आपण फसवले असे या मंडळींना वाटते. तसे होत नाही, असे गॅलिलिओ दाखवून देतो. बलात जेवढे मिळवावे तेवढे अंतरात किंवा वेळात मोजून द्यावे लागते. ‘पॉवर वाढते’ हा समज त्याच भ्रमाचा आजचा अवतार आहे. आकडे मांडून पाहू.

समजा, एका मोटारसायकलीचे पुढचे स्प्रॉकेट १४ दात्यांचे आणि मागचे ४२ दात्यांचे आहे. प्रमाण ४२ ÷ १४ = ३. पुढे १३ दाते बसवले तर प्रमाण ३.२३ होते, म्हणजे सुमारे ७.७ टक्के वाढते. हाच परिणाम मागे साधायचा तर ४५ दाते हवेत (४५ ÷ १४ = ३.२१). पुढचा एक दाता मागच्या तीन दात्यांच्या तोडीचा का, हे विद्यार्थ्यांना अपूर्णांकांवरून चटकन दिसते.

आता इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १८ न्यूटन-मीटर धरू. इंजिनातली पहिली घट ३ पट, पहिला गिअर २.८ पट आणि साखळी ३ पट, एकूण २५.२ पट. मागच्या चाकाशी टॉर्क सुमारे ४५४ न्यूटन-मीटर झाला. चाकाची त्रिज्या ०.३२ मीटर असेल तर रस्त्यावर लागणारे बल सुमारे १,४२० न्यूटन होईल (घर्षणातला तोटा सोडून). १३ दात्यांनी तेच सुमारे १,५२५ न्यूटन होते. गाडी आणि दोन माणसे मिळून ३०० किलोग्रॅम धरली, तर तीन मीटर उतरंडीमागे एक मीटर उंची अशा खडकाळ चढावर (उतरंड आपण चढाच्या पृष्ठभागावर मोजू) गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ९८० न्यूटन लागतात. म्हणजे शिल्लक राहणारा जोर ४४० वरून ५४५ न्यूटनवर गेला. एका दात्याने एकूण बल ७.७ टक्केच वाढले, पण अडचणीच्या जागी हाताशी उरणारे बल जवळजवळ पाव हिश्शाने वाढले! स्वाराला फरक एवढा जाणवतो तो यामुळे.

आता दिलेली किंमत पाहू. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असताना पहिल्या गिअरमध्ये गाडी आधी ताशी ७.२ किलोमीटर जात होती, आता ६.७ जाते. दगडांतून वाट काढताना हे हवेच असते. क्लच अर्धवट दाबून जाळत बसावे लागत नाही. पण वरच्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला जिथे ४,०३० फेरे लागत, तिथे आता ४,३४० लागतात. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. बल ७.७ टक्के वाढले आणि त्याच फेऱ्यांना वेग त्याच प्रमाणात घटला, म्हणून गुणाकार होता तेवढाच राहिला. इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये ठरते, स्प्रॉकेटमध्ये नाही.

कार्याचा हिशोबही करता येतो. ३०० किलोग्रॅमचा भार ५०० मीटर उंच नेण्यास ३०० × ९.८ × ५०० = १४.७ लाख ज्यूल लागतात. यात स्प्रॉकेटचे दाते कुठेही येत नाहीत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३३० लाख ज्यूल असतात आणि त्यांतले वीस टक्के चाकापर्यंत पोचले असे धरले, तर केवळ उंची गाठण्यासाठी पाव लिटरपेक्षा थोडे कमी पेट्रोल खर्च होते. कोणतेही स्प्रॉकेट बसवा, हे देणे चुकत नाही.

शहाडवरून जाणारा पुरावा

हाच नियम फार मोठ्या प्रमाणात पाहायचा असेल तर शहाडच्या फलाटावर उभे राहावे. पुढचा थळ घाट १८६५ मध्ये रेल्वेसाठी खुला झाला. त्याचा चढ ३७ ला १ आहे. रस्त्याच्या मानाने तो मामुली वाटेल, पण गुळगुळीत रुळावर लोखंडी चाकाला तो अवघड आहे. त्यासाठी गाडीला जादा इंजिने लावतात. या भागाचे विद्युतीकरण झाले तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १९२८ पासून घाटातल्या मालगाड्यांसाठी खास विजेची इंजिने आणली. लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. त्यांत मोटारींचा वेग दातेरी चाकांनी कमी करून मग दांड्यांनी चाकांना दिलेला असे. असे एक इंजिन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले आहे; सहलीत ते अवश्य दाखवावे.

आजच्या इंजिनांतले उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. मालगाड्यांसाठीचे ‘डब्ल्यूएजी-९’ हे इंजिन १९९० च्या दशकात आले. २००० मध्ये त्याच्यापासूनच प्रवासी गाड्यांसाठीचे ‘डब्ल्यूएपी-७’ बनवले. मुख्य बदल दातेरी चाकांचा होता. मालगाडीच्या इंजिनात दाते ७७ आणि १५, म्हणजे प्रमाण ५.१३, प्रवासी इंजिनात ७२ आणि २०, म्हणजे प्रमाण ३.६. पहिल्याचे सुरुवातीचे ओढबल मुळात सुमारे ४६० किलोन्यूटन आणि कमाल वेग ताशी १०० किलोमीटर. दुसऱ्याचे ओढबल सुमारे ३२२ किलोन्यूटन आणि वेग १४० किलोमीटर. भागाकार करून पाहा : दात्यांच्या प्रमाणांचे गुणोत्तर १.४३, बलांचे १.४३, वेगांचे १.४. गॅलिलिओचा नियम लोखंडात कोरलेला दिसतो! आणखी एक गंमत : ७७ + १५ आणि ७२ + २० या दोन्ही बेरजा ९२ येतात. दाते तेवढ्याच मापाचे ठेवून दोन आसांमधले अंतर बदलायचे नसेल, तर बेरीज बदलून चालत नाही.

साखळीला हे बंधन नसते. ती सैल किंवा घट्ट करता येते. पुढे एक दाता कमी केला तर मागचे चाक सुमारे ४ मिलिमीटर मागे सरकवावे लागते. मागे तीन दाते वाढवले तर ते सुमारे १२ मिलिमीटर पुढे आणावे लागते. तेवढी जागा नसेल तर लांब साखळी घ्यावी लागते.

दात्यांचे हिशोब

पुढचे स्प्रॉकेट लहान करणे स्वस्त पडते, म्हणून लोक तेच करतात. पण साखळी ही वर्तुळावर नव्हे, तर बहुभुजावर गुंडाळली जाते. १४ भुजांच्या बहुभुजावर तिचा वेग प्रत्येक दात्यागणिक सुमारे २.५ टक्के खालीवर होतो. १३ भुजांवर २.९ टक्के, १० भुजांवर ४.९ टक्के. दाते कमी होतील तसे हिसके वाढतात. कड्यांना जास्त तीव्र कोनात वाकावे लागते, आणि त्याच टॉर्कला साखळीवरचा ताणही वाढतो. साखळी लवकर झिजते ती या कारणांनी.

दुसरीकडे, १३ या संख्येचा एक फायदा आहे. आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येत असल्याने साखळीच्या कड्यांची संख्या सम असते. ती ११२ धरली तर १४ दात्यांच्या स्प्रॉकेटचा प्रत्येक दाता नेहमी त्याच ८ कड्यांना भेटतो, कारण ११२ ला १४ ने पूर्ण भाग जातो. १३ आणि ११२ यांचा मसावि १ आहे. त्यामुळे प्रत्येक दाता क्रमाक्रमाने सर्व ११२ कड्यांना भेटतो आणि झीज समान वाटली जाते. युरोपातले पाणचक्क्या बांधणारे जुने कारागीर याच हेतूने मोठ्या चाकाला एक दाता जास्त ठेवीत. मसावि-लसावि कशाला शिकायचे, या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत. वेगमापकाला गती पुढच्या चाकातून मिळत असेल तर स्प्रॉकेट बदलल्याने काही बिघडत नाही. ती गिअरबॉक्सकडून मिळत असेल तर प्रत्यक्ष ६० चा वेग काट्यावर सुमारे ६५ दिसेल. आणि उलट बदल केला, म्हणजे पुढे दाते वाढवले, तर काटा कमी वेग दाखवील. हे दुसरे धोक्याचे आहे. तसेच, जे प्रमाण चढताना ओढ वाढवते तेच उतरताना इंजिनाचा रोधही वाढवते. घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय अनेकांना असते. चढताना मिळवलेले १४.७ लाख ज्यूल उतरताना कोणाला तरी उष्णतेच्या रूपाने रिचवावे लागतात. गिअर काढला की ते सगळे काम एकट्या ब्रेकवर पडते. पावसात, ओल्या वळणावर, त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. माळशेज उतरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकाला हे ठाऊक असायला हवे.

शाळेत हा विषय शिकवायला मोटारसायकल लागत नाही. सायकलतळावरच्या दहा सायकली पुरे. प्रत्येक सायकलीचे पुढचे आणि मागचे दाते मोजावेत, प्रमाण काढावे, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती सरकते ते खडूच्या खुणा करून टेपने मोजावे आणि चाकाच्या परिघावरून काढलेल्या उत्तराशी ताडून पाहावे. गिअरची सायकल मिळाली तर तीच मुले शाळेजवळचा एखादा चढ दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये चढून पाहतील आणि पेडलचे फेरे मोजतील. पायाला हलके वाटले तेव्हा फेरे जास्त झाले, हे त्यांच्या वहीतच नोंदलेले असेल. त्यानंतर ‘पॉवर वाढते का?’ हा प्रश्न त्यांनाच विचारावा.